बुल ट्राउटची घरटी कशी मोजावीत: डोंगरी ओढ्यातल्या विणीची नोंद, तयारीपासून आवराआवरीपर्यंत

अमेरिकेतल्या मॉन्टाना, आयडाहो, वॉशिंग्टन आणि ओरेगनच्या डोंगराळ भागात सप्टेंबर उजाडला की काही माणसं गुडघाभर गार पाण्यातून, नजर तळाला लावून तासन्‌तास चालत राहतात. त्यांना मासे पकडायचे नसतात. मासा दिसलाच पाहिजे असंही नसतं. ती शोधत असतात नुकतीच उकरलेली खडी. बुल ट्राउटची मादी ओढ्याच्या तळाशी शेपटीने खड्डा करते, त्यात अंडी घालते आणि वरून खडी लोटून ती झाकून टाकते. तिकडे याला ‘रेड’ म्हणतात; मी इथे घरटंच म्हणणार आहे. एका ओढ्यात एका हंगामात किती घरटी झाली हा आकडा फार कमी खर्चात मिळतो आणि तो मिळवताना माशाला हातही लावावा लागत नाही.

नावात ट्राउट असलं तरी हा मासा ‘आर्क्टिक चार’ (char) या माशाच्या जातकुळीतला, शास्त्रीय नाव सॅल्व्हेलिनस कॉन्फ्लुएंटस. १९७८ पर्यंत तो आणि डॉली वार्डन नावाचा मासा हे एकच मानले जात. त्या वर्षी तो स्वतंत्र जात म्हणून वेगळा काढला गेला. १९९८-९९ मध्ये तो अमेरिकेच्या संकटग्रस्त प्रजाती कायद्याखाली ‘थ्रेटन्ड’ (धोक्यात आलेला) म्हणून नोंदला गेला. कॅलिफोर्नियात तो फक्त मॅक्लाउड नदीत होता, तिथून तर १९७० च्या दशकातच गेला. कारणं सगळीकडे साधारण तीच: लाकूडतोडीच्या रस्त्यांवरून ओढ्यात उतरणारा गाळ, वाट अडवणारी धरणं आणि मोऱ्या, तापत चाललेलं पाणी, आणि माणसाने बाहेरून आणून सोडलेले ब्रुक ट्राउट व लेक ट्राउट.

सिएटल, पोर्टलंड, बॉयझी या भागांत राहणाऱ्या आणि डोंगरात हिंडणाऱ्या मराठी मंडळींपैकी कुणाला या कामात स्वयंसेवक म्हणून उतरायचं असेल, तर त्यांच्यासाठी हा लेख आहे. सह्याद्रीतल्या नद्यांवर काम करणाऱ्यांनीही तो वाचावा असं मला वाटतं. मासा वेगळा, हंगाम वेगळा, पण नोंदीची शिस्त उचलता येण्यासारखी आहे. आणि या कामात शिस्तीवरच सगळं अवलंबून असतं. एकाच वर्षी मोजलेल्या घरट्यांच्या आकड्याला फारशी किंमत नाही. तोच पट्टा, त्याच दिवसांत, त्याच पद्धतीने वर्षानुवर्षं मोजला तरच तो आकडा काही सांगू लागतो. पुढची प्रत्येक पायरी त्यासाठीच आहे.

पायरी १: परवानगी आणि गट

ओढ्यात एकट्याने, आपल्या मनाने उतरू नका. संरक्षित माशाला हुसकावणं किंवा त्याच्या घरट्यावरून चालणं हा कायद्याने गुन्हा ठरू शकतो, आणि कायदा बाजूला ठेवला तरी विणीच्या जागेत अनोळखी पावलं पडणं घातकच आहे. ही मोजणी राज्यांची मत्स्य व वन्यजीव खाती, वनसेवा आणि आदिवासी राष्ट्रांचे मत्स्य विभाग करतात. मॉन्टानातल्या फ्लॅटहेड खोऱ्यात, उदाहरणार्थ, सेलिश आणि कूटनी जमातींचा मत्स्य विभाग मोठं काम करतो. जून-जुलैमध्येच त्यांच्याशी संपर्क साधा, कारण सप्टेंबरपर्यंत गट ठरलेले असतात आणि प्रशिक्षण त्याआधी होतं.

सिएटलकरांसाठी एक गोष्ट. शहराला पिण्याचं पाणी देणाऱ्या सीडर नदीच्या खोऱ्यात चेस्टर मोर्स नावाचा तलाव आहे आणि त्यात बुल ट्राउट आहेत. ते वीण करायला तलावाला मिळणाऱ्या नद्यांत चढतात. तो सगळा भाग सर्वसामान्यांना बंद आहे. तिथे जायचं तर पाणीपुरवठा विभागामार्फतच.

पायरी २: पट्टा निवडणं आणि बांधून घेणं

जुन्या, ठरलेल्या पट्ट्यावर काम करायचं असेल तर ही पायरी आयती मिळते. नवा ओढा असेल तर ऑगस्टमध्ये, मासे वीण सुरू करण्याआधी, तो एकदा पायाखालून घालावा लागतो.

मादी कुठेही घरटं करत नाही. तिला लागतो तुलनेने कमी उताराचा पट्टा, सुपारीपासून लिंबाएवढी आणि क्वचित त्याहून मोठी खडी, आणि खडीतून आरपार वाहणारं स्वच्छ पाणी. अंडी महिनोन्‌महिने त्या खडीत राहतात, तेव्हा त्यांना श्वास मिळतो तो याच झिरपत्या पाण्यातून. मॉन्टानातल्या स्वान नदीच्या खोऱ्यात झालेल्या अभ्यासातून एक सुरेख गोष्ट पुढे आली: मोठ्या प्रमाणावर पाहिलं तर मासे असे पट्टे निवडतात जिथे भूजल वर येऊन ओढ्याला मिळतं, पण त्या पट्ट्याच्या आत नेमकी घरट्याची जागा निवडताना मात्र, डोह संपून खळाळ सुरू होतो त्या उथळ माथ्याला पसंती देतात, जिथे ओढ्याचं पाणी खडीत खाली शिरतं. म्हणजे दोन गोष्टी शोधायच्या. हिवाळ्यातही न गोठणारा, झऱ्यांचं पाणी मिळणारा भाग, आणि त्यातल्या डोहांची खालची टोकं. हे एकदा डोक्यात बसलं की ओढा वाचता येऊ लागतो.

ओढ्यात बुल ट्राउट आहेत की नाहीत याचीच खात्री नसेल तर उन्हाळ्यात पाण्यातल्या डीएनएची तपासणी करून घेतात. साधारण पाच लिटर पाणी बारीक गाळणीतून ओढून ती गाळणी प्रयोगशाळेत पाठवतात. त्यातून मासा आहे एवढं कळतं, वीण होते का ते कळत नाही. त्यासाठी पायीच जावं लागतं.

पट्ट्याची सुरुवात आणि शेवट अशा खुणांनी ठरवा ज्या वीस वर्षांनीही जागेवर असतील: दोन ओढ्यांचा संगम, पूल, खडकाचा कडा. पडलेलं झाड, वाळूचा दांडा किंवा ‘मोठा डोह’ ही खूण नव्हे, पहिल्याच पुरात ती जागा सोडते. जीपीएसवर बिंदू घ्याच, पण सोबत दोन्ही टोकांचे फोटो काढून ठेवा, एक प्रवाहाच्या दिशेने आणि एक उलट. वाटेत धबधबा, उंच मोरी, लाकडांचा मोठा बांध असे अडथळे असतील तर तेही नकाशावर मांडा. एखाद्या वर्षी वरच्या भागात घरटी शून्य आली, तर वाट बंद झाली होती का, हे आधी तपासावं लागतं.

पायरी ३: वेळ साधणं

फ्लॅटहेड तलावातले मोठे मासे एप्रिलपासून नदीत वर सरकू लागतात आणि ८८ ते २५० किलोमीटरचा प्रवास करून आपल्या ओढ्यांपर्यंत पोचतात. जुलैअखेर ते सप्टेंबर या काळात, बहुधा रात्रीच, ते ओढ्यात शिरतात आणि खोल डोहांत, लाकडांच्या आडोशाला थांबतात. पाण्याचं तापमान ९ अंश सेल्सिअसच्या खाली उतरलं की वीण सुरू होते.

म्हणून कॅलेंडरपेक्षा तापमापकावर विश्वास ठेवा. दर अर्ध्या किंवा एका तासाने आपोआप नोंद करणारं छोटं यंत्र जुलैमध्येच पाण्यात बसवा. जागा सावलीतली, वाहत्या पाण्याची आणि उन्हाळाअखेर पाणी ओसरलं तरी बुडालेली राहील अशी हवी. यंत्र उघड्यावर उन्हात राहिलं तर ते पाण्याचं नाही, उन्हाचं तापमान सांगतं. ते पोलादी तारेने झाडाच्या मुळाला किंवा मोठ्या धोंड्याला बांधा आणि बांधलेल्या जागेचा फोटो घ्या.

रॉकी पर्वताच्या बहुतेक ओढ्यांत वीण सप्टेंबरभर आणि ऑक्टोबरच्या सुरुवातीला होते. चेस्टर मोर्ससारख्या ठिकाणी ती त्याहून बरीच उशिरा चालते. एका ओढ्याचा हंगाम दुसऱ्याला लावू नका.

फेऱ्या किती मारायच्या? दोन रीती आहेत. एक, हंगाम संपता संपता एकच फेरी. यात मनुष्यबळ कमी लागतं आणि माशांना त्रास होत नाही. पण त्याआधी शरदातला पाऊस कोसळून ओढा फुगला तर खुणा पुसल्या जातात आणि ते वर्षच हातचं जातं. दुसरी, सप्टेंबरच्या सुरुवातीपासून दर दहा ते चौदा दिवसांनी फेरी, आणि नवं घरटं सापडेनासं झालं की थांबणं. नव्या ओढ्यासाठी मी दुसरीच सांगेन. दोन-तीन हंगामांत त्या ओढ्याचा विणीचा काळ नेमका कळला की मग एका फेरीवर येता येतं. जुन्या पट्ट्यावर मात्र जी रीत चालत आली आहे तीच ठेवा, तुम्हाला दुसरी कितीही चांगली वाटली तरी. रीत बदलली की मागची सगळी वर्षं तुलनेतून बाद होतात.

पायरी ४: सोबत काय न्यायचं

पाण्यावरची चमक घालवणारे पोलराइज्ड चष्मे ही एक वस्तू अशी की जिच्याशिवाय जाऊच नये. पाण्यावरची चकाकी गेल्याशिवाय तळ दिसत नाही. गडद जंगलात पिवळसर किंवा तांबूस काच राखाडी काचेपेक्षा बरी. छातीपर्यंतचे वेडर्स (पाणी आत न शिरणारा पोशाख), घट्ट पकड असलेले रबरी तळाचे बूट, तोल सांभाळायला आणि मोजायला खुणा केलेली काठी, पाण्यात न भिजणारी वही आणि शिसपेन्सिल, जीपीएस, साधा तापमापक, रंगीत रिबन, न पुसणारं मार्कर, टोपी. फोनला रेंज नसते, म्हणून उपग्रहावरून संदेश पाठवणारं यंत्र गटात एक तरी हवं. अस्वलांसाठीचा फवारा सॅकमध्ये नव्हे, कमरेला. शरदात ग्रिझली अस्वलं खाण्याच्या मागे असतात आणि ओढ्याच्या खळखळाटात त्यांना तुमची चाहूल लागत नाही, त्यामुळे वळणावर मोठ्याने बोलत जा.

ओढा बदलण्याआधी बूट-वेडर्स घासून, धुऊन, पूर्ण वाळवून घ्या. चिखलाच्या एका ढेकळातून गोगलगायी, शेवाळ आणि माशांचे रोग एका खोऱ्यातून दुसऱ्यात जातात.

पायरी ५: डोळा तयार करणं

खरं कौशल्य लागतं ते इथे, म्हणून जरा सावकाश.

मादी जागा निवडते, आडवी होते आणि शेपटीचे जोरदार फटके मारते. खडी उसळते, प्रवाह ती थोडी खाली नेऊन टाकतो, बारीक वाळू आणि गाळ त्याहून पुढे वाहून जातो. खड्डा पुरेसा झाला की नर तिच्या बाजूला येतो, अंडी आणि शुक्रद्रव्य एकाच वेळी सुटतं, आणि लगेच मादी थोडी वर सरकून पुन्हा फटके मारू लागते. वरची खडी खाली येऊन अंड्यांवर पडते. असं एकापाठोपाठ अनेकदा होतं. मोठ्या मादीच्या पोटात पाच हजारांच्या आसपास अंडी असतात, ती सगळी एका कप्प्यात जात नाहीत. शेवटी जे उरतं ते असं: वरच्या अंगाला एक खड्डा, आणि त्याला लागूनच खालच्या अंगाला खडीचा लांबट उंचवटा. फावड्याने खणलेला खड्डा आणि शेजारीच टाकलेली माती असावी, तसं. अंडी खड्ड्यात नसतात, उंचवट्याखाली असतात. हे सगळ्यात महत्त्वाचं, कारण पाय चुकून पडतो तो बहुतेकदा त्या उथळ उंचवट्यावरच.

पहिली खूण रंगाची. ओढ्याच्या तळावर महिनोन्‌महिने शेवाळाचा तपकिरी लेप बसलेला असतो. उलटलेल्या खडीची खालची बाजू वर येते, ती फिकट, स्वच्छ, जवळजवळ उजळ दिसते. काठावरूनही हा फिकट पट्टा डोळ्यात भरतो. पण रंगावर थांबू नका, कारण लेप काही आठवड्यांत पुन्हा चढू लागतो आणि सुरुवातीच्या घरट्यांचा उजळपणा हंगामाच्या शेवटी मावळलेला असतो. शिवाय दगडच मुळात फिकट असलेल्या ओढ्यात रंग काहीच सांगत नाही.

दुसरी खूण आकाराची, आणि ती जास्त भरवशाची. खड्ड्याची वरच्या अंगाची कड तीव्र असते, कधी कधी तिथले दगड कडेवर अधांतरी टेकलेले दिसतात. खड्ड्याच्या तळाशी मादीला न हललेले मोठे गोटे उघडे पडलेले असतात. उंचवट्यावरची खडी सैल असते, दगड एकमेकांवर तिरके, जणू आताच ओतलेले. शेजारचा न हललेला तळ मात्र पुराने दाबून, फरशीसारखा बसवलेला असतो. काठीच्या टोकाने घरट्याबाहेरचा तळ दाबून पाहा, तो टणक लागतो. घरट्यावर काठी खुपसू नका.

आकारमान माशाच्या आकारमानावर ठरतं. फ्लॅटहेडमध्ये तलावातून चढून येणाऱ्या माशांची मोजलेली घरटी एक ते तीन मीटर लांब होती, सरासरी सुमारे २.१ मीटर लांब आणि १.१ मीटर रुंद. पण सगळे बुल ट्राउट प्रवासी नसतात. काही जन्मभर त्याच ओढ्यात राहतात आणि वीतभर किंवा थोडे अधिक वाढतात. आयडाहोतल्या पेंड ओरेल तलावात १९४९ साली सुमारे साडेचौदा किलोचा बुल ट्राउट सापडला होता, यावरून जातीच्या दोन टोकांची कल्पना यावी. स्थानिक छोट्या माशांची घरटी हातभरसुद्धा नसतात, धोंड्यामागच्या खडीच्या एखाद्या ओंजळीतही असतात, आणि ती शोधणं अनुभवी डोळ्यालाही जड जातं.

आता फसवणाऱ्या जागा.

धोंड्याच्या किंवा आडव्या ओंडक्याच्या पायथ्याशी पाणी वळसा घेतं आणि स्वतःच खड्डा कोरतं. तिथेही स्वच्छ खडी दिसते. फरक असा की खड्ड्याच्या खाली नीट उंचवटा नसतो, कडा गोल आणि गुळगुळीत असतात, आणि अडथळा काढला तर खड्डा तिथे असायचं कारणच उरत नाही. एल्क, हरणं, अस्वलं ओढा ओलांडतात तिथेही खडी उलटते. पण त्यांची वाट काठापासून काठापर्यंत आडवी जाते, घरटं प्रवाहाच्या दिशेने लांबट असतं. काठावर खुरांचे ठसे पाहायची सवय लावा.

मादी कधी कधी थोडं उकरून जागा सोडून देते. त्यात खड्डा असतो, पण उंचवटा नावालाच. याला घरटं धरायचं नाही, मात्र ‘अर्धवट उकरणी’ म्हणून नोंद करायची. पुढच्या फेरीला तिथेच पूर्ण घरटं सापडू शकतं.

आणि दुसरे मासे. वसंतात वीण करणाऱ्या कटथ्रोट आणि रेनबो ट्राउटचा प्रश्न शरदात येत नाही. माउंटन व्हाइटफिश शरदात वीण करतो पण घरटं उकरत नाही. खरी अडचण ब्रुक ट्राउटची, कारण तो त्याच दिवसांत, तशाच खडीत वीण करतो, आणि बुल ट्राउटशी त्याचा संकरही होतो. त्याचं घरटं लहान असतं, पण स्थानिक बुल ट्राउटचंही लहानच असतं. म्हणून दोन्ही असलेल्या ओढ्यात, जवळ मासा दिसला तरच जात लिहायची, नाहीतर ‘जात अनिश्चित’. मासा दिसला तर पाठीचा पर बघा: बुल ट्राउटच्या परावर काळा ठिपका किंवा काळी नक्षी नसते, ब्रुक ट्राउटच्या परावर नागमोडी काळ्या रेघा असतात. कोकनी सॅमन असलेल्या पाण्यात त्यांचीही घरटी शरदातच होतात, पण कोकनी लाल झालेले, थव्याने आणि दिवसाउजेडी दिसतात, तेव्हा ते ओळखू येतात.

नवशिक्याने पहिला हंगाम अनुभवी माणसाच्या मागून चालावं. एकाने मोजलेला तुकडा दुसऱ्याने, न बोलता, पुन्हा मोजावा आणि मग दोघांनी एकेका घरट्यापाशी उभं राहून मतभेद सोडवावेत. यासारखं दुसरं शिक्षण नाही.

पायरी ६: चालणं

दोघं, दोन काठांनी. लहान ओढ्यात प्रवाहाच्या उलट, वर चालत जाणं बरं: तुम्ही उडवलेला गाळ मागे जातो आणि मासे वर तोंड करून असल्याने त्यांना तुम्ही उशिरा दिसता. मोठ्या, जोरदार पाण्यात काही गट खाली चालतात, ते सुरक्षित असतं. जी दिशा ठरेल ती कायम ठेवा. सकाळी दहा ते दुपारी तीन-चार ही वेळ उजेडाला चांगली. ढगाळ पण स्वच्छ दिवस लख्ख उन्हापेक्षा बरा.

शक्य तिथे काठाने चाला. पाण्यात उतरावंच लागलं तर टणक तळावरून किंवा मोठ्या धोंड्यांवरून, डोहाच्या शेपटाकडच्या सैल खडीवरून कधीच नाही. घरट्यावर मासे दिसले तर जागीच थांबा, काठाकडे सरका, दुर्बिणीने पाहा आणि लांबून वळसा घाला. जोडी चालू विणीत असताना मोजमाप करायचं नाही. ते घरटं पुढच्या फेरीला मोजता येईल.

एखादा डोह लाकडांनी भरलेला असेल, तळ दिसत नसेल, तर तसं लिहा. न दिसलेला भाग ‘घरटं नाही’ मध्ये जमा करू नका.

पायरी ७: नोंद

प्रत्येक घरट्याला क्रमांक. तारीख, वेळ, जीपीएस बिंदू, पाण्याचं तापमान, निश्चित की संभाव्य, लांबी-रुंदी (काठीने, बाजूने उभं राहून), मासे दिसले का आणि अंदाजे किती मोठे, जवळ लाकूड किंवा धोंड्याचा आडोसा आहे का. संभाव्य घरटी वेगळ्या रकान्यात ठेवा, निश्चितांत मिळवू नका.

अनेक फेऱ्या असतील तर जवळच्या फांदीला रिबन बांधा आणि तिच्यावर तारीख, क्रमांक आणि घरटं कोणत्या दिशेला किती मीटरवर आहे ते लिहा. रिबन घरट्याच्या नेमकी वर नको. मासेमारी करणाऱ्याला किंवा चोराला ती पाटी ठरते. याच कारणाने घरट्यांचे नेमके बिंदू किंवा जागा ओळखू येईल असे फोटो समाजमाध्यमांवर टाकू नयेत.

एकमेकांवर चढलेल्या घरट्यांचं काय? चांगल्या जागेवर दुसरी मादी येऊन पहिलीचंच घरटं उकरते आणि दहा मीटर खडी सलग उलटलेली दिसते. अशा वेळी स्वतंत्र खड्डे मोजतात, आणि शेजारी रेखाचित्र काढतात. फेऱ्या मारणाऱ्यांना इथे रिबनचा फायदा होतो, कारण मागच्या वेळी तिथे किती होती ते लिहिलेलं असतं.

आणि काहीच सापडलं नाही तर शून्य लिहा. तारीख, नावं, तापमान, चाललेलं अंतर आणि शून्य. रिकामा कागद आणि शून्य लिहिलेला कागद यांत दहा वर्षांनी जमीन-अस्मानाचं अंतर पडतं.

पायरी ८: आकड्यावर किती विसंबायचं

पेंड ओरेल खोऱ्यातल्या ओढ्यांवर झालेला, २००१ साली प्रसिद्ध झालेला एक अभ्यास प्रत्येक स्वयंसेवकाने लक्षात ठेवावा. एकाच ओढ्यातली घरटी वेगवेगळ्या माणसांनी मोजली, तेव्हा त्यांचे आकडे उत्तम अंदाजाच्या २८ टक्क्यांपासून २५४ टक्क्यांपर्यंत पसरले. कुणाला तीन-चतुर्थांश घरटी दिसलीच नाहीत, कुणाला अडीचपट दिसली. चुका दोन्ही बाजूंनी होतात, आणि एकूण बेरीज योगायोगाने बरोबर आली तरी आतली घरटी चुकलेली असू शकतात. म्हणून अनुभवी माणूस गटात कायम हवा, आणि कुणी मोजलं ते नाव कायम नोंदलेलं हवं.

घरट्यांवरून माशांची संख्या काढायचा मोह आवरा. फ्लॅटहेडमध्ये पूर्वी एका घरट्यामागे ३.२ मासे धरत. इतर ठिकाणच्या अभ्यासांत हे प्रमाण १.२ पासून ४.३ पर्यंत आलं आहे. शिवाय सगळे प्रौढ मासे दर वर्षी वीण करत नाहीत, काही एक वर्षाआड करतात. घरट्यांचा आकडा घरट्यांचाच राहू द्या, कल पाहण्यासाठी तो पुरतो. तोही लवकर दिसत नाही: वर्षागणिक चढउतार इतका असतो की खरी घट ओळखायला दहा वर्षांहून अधिक सलग नोंद लागते.

सलग नोंद काय करू शकते याचं उदाहरण फ्लॅटहेडच्याच ओढ्यांत आहे. फ्लॅटहेड नदीच्या नॉर्थ फोर्क आणि मिडल फोर्क या फाट्यांच्या ठरलेल्या उपओढ्यांत १९८० च्या सुमारापासून दर वर्षी मोजणी चालू आहे. १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला घरटी झपाट्याने घटली. वरच्या ओढ्यांतली खडी एका झटक्यात खराब झाली नव्हती. बिघाड खाली तलावात झाला होता. कोकनी सॅमनला खाद्य म्हणून वरच्या तलावांत सोडलेली मायसिस कोळंबी वाहत येऊन १९८१ मध्ये फ्लॅटहेड तलावात सापडली. ती कोकनीचंच अन्न खाऊ लागली, कोकनी दशकाअखेर संपले, आणि तळाशी राहणाऱ्या लेक ट्राउटच्या पिल्लांना मात्र कोळंबीचं भरपूर खाद्य मिळालं. लेक ट्राउट वाढले आणि बुल ट्राउट दबले. ओढ्याकाठी मोजलेल्या खड्ड्यांनी तलावातला बिघाड उघड केला, तो यासाठी की आधीची वर्षं नोंदलेली होती.

इथे मला आपल्याकडची एक गोष्ट सांगावीशी वाटते. लोणावळ्याच्या वळवण तलावाकाठी १९७० च्या दशकापासून दख्खनी महासीरची पैदास होते, आणि ते तंत्र बसवणं ही मोठीच कामगिरी होती. पण तिथली पिल्लं दूरच्या कावेरीतही सोडली गेली, आणि तिथला मूळचा कुबडा महासीर मागे हटत गेला. २०१८ पासून तो अतिसंकटग्रस्त यादीत आहे. कावेरीत कुठला महासीर कुठे वीण करतो याची सलग नोंद तेव्हा कुणाकडे असती, तर हे कितीतरी आधी दिसलं असतं. सह्याद्रीत महासीरची वीण पावसाळ्याच्या गढूळ पाण्यात होते, तिथे घरटी मोजण्याची ही रीत चालणार नाही. पाऊस ओसरल्यावर ठरलेल्या पट्ट्यांत पिल्लं मोजणं हाच मार्ग. पण ठरलेला पट्टा, ठरलेली वेळ, मोजणाऱ्याचं नाव आणि लिहिलेलं शून्य हे तिथेही जसंच्या तसं लागू आहे.

पायरी ९: आवराआवर

शेवटच्या फेरीला सगळ्या रिबन सोडून आणा. पुढच्या वर्षी जुन्या रिबन नव्या समजल्या गेल्या तर घोळ होतो. बर्फ पडण्याआधी तापमापक यंत्र काढून आकडे उतरवून घ्या. ओढ्याचं हिवाळी तापमानही हवं असेल तर बॅटरी बदलून ते परत ठेवा.

वहीची पानं त्याच संध्याकाळी फोटो काढून जपा आणि आठवड्याच्या आत आकडे संगणकात भरा. ज्याने लिहिलं त्यानेच भरावेत, कारण ओल्या बोटांनी लिहिलेला १ आणि ७ दुसऱ्याला वेगळा वाचता येत नाही. नकाशा, दोन्ही टोकांचे फोटो, वाटेतले अडथळे, कोणते डोह तपासता आले नाहीत, हे सगळं एका पानावर लिहून संस्थेकडे द्या.

खडीतली अंडी त्यानंतर सगळा हिवाळा तिथेच असतात. पिल्लं खडीबाहेर येतात ती दोनशेहून अधिक दिवसांनी, एप्रिल-मेमध्ये. तोवर त्या पट्ट्यात कुणी गाडी घालू नये, काठ तोडू नये, वरच्या रस्त्याची माती ओढ्यात लोटू नये, यासाठी वनखात्याच्या स्थानिक कार्यालयाला पट्ट्याचा नकाशा हंगाम संपताच पोचवा. रस्त्याच्या कामांचे निर्णय हिवाळ्यातच होतात.